‘बघ बाबा’चं भाषांतर

रुबू, मिलिंदला मी माफ केलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल कुणी लिहायला बसलं की वाचणाऱ्यांना वाटतं, शेवटाकडे हिचं मन निवळेल. नाही निवळणार. तू मला ओळखतोस. शाळेत माझी नवी कंपासपेटी फोडणाऱ्या मुलीशी मी दहावीपर्यंत बोलले नव्हते. इथे तर माझा भाऊ गेलाय.

महिना उलटून गेला. ब्रिटिश कोलंबियातल्या एका डोंगरावरून स्कीवर उतरताना तुझ्या पायाखालचा बर्फ सुटला आणि तुला घेऊन गेला. तुझ्या आधी मिलिंद उतरला होता, मग तुमच्या ग्रुपमधली क्लेअर. दोघं खाली धडधाकट उभे होते. तू तिसरा. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि चहा टाकायला उठते. बाकीचं तुलाच सांगायचंय, कारण ते तुझ्याच दोन शब्दांबद्दल आहे.

तुझ्या त्या बर्फातलं मला जे काही कळतं ते माझ्या स्वयंपाकघरात शिकलेलं. मागच्या वर्षी कॅल्गरीहून इथे स्कारबरोला आला होतास तेव्हा मी तुला विचारलं होतं, की एवढा मऊ बर्फ माणसाला मारतो कसा. तू डब्यातली साखर ताटात पसरलीस. तिच्यावर सकाळची वाळून कडक झालेली भाकरी ठेवलीस आणि ताट एका बाजूने हळूहळू उचलायला लागलास. भाकरी जागची हलली नाही. मग तू तिच्यावर एक टिचकी मारलीस, आणि अख्खी भाकरी सरकून ओट्यावरून खाली माझ्या पायांवर आली.

“कळलं ताई? वरची भाकरी कितीही घट्ट असू दे. खालची साखर एकमेकीला धरत नाही.”

मी आधी साखर झाडून घे म्हणाले. पण कळलं होतं मला. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि वर नुसती कोरडी थंडी पडली, की त्या बर्फाचे सुटे दाणे होतात, साखरेसारखे. मग त्यांच्यावर वादळं येतात, वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर नेऊन थापतो, आणि वरून सगळं कसं छान गुळगुळीत दिसतं. साखर आत तशीच असते, महिनोन्‌महिने. कुणाची तरी टिचकी पडेपर्यंत.

मागच्या अंगणात नेऊन तू मला आणखी एक गोष्ट दाखवली होतीस. झाडूचा दांडा उलटा करून बर्फात खुपसायचा. हाताला बर्फ कसा लागतो ते बघायचं. आधी जड जड जातो आणि मग एकदम सुळकन आत गेला, तर खाली पोकळ आहे असं समजायचं आणि तिथून निघायचं. शेजारचे आजोबा खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं असणार, या बाईचा भाऊ वेडा आहे.

त्या आजोबांचा ड्राइव्हवे पहिल्या हिवाळ्यात तूच शोव्हल करायचास. आमच्या बेसमेंटमध्ये राहायचास तेव्हा. त्यांनी एकदा सहज विचारलं आणि तू “शुअर” म्हणालास, झालं, पूर्ण सीझन तुझ्या गळ्यात. तुझी पाठ धरली तरी जायचास. मी म्हणाले, सांग ना त्यांना, आता जमत नाही. तर तू म्हणालास, “बघतो.” बघत राहिलास आणि मार्च आला.

आपलं खरं भांडण हेच होतं, आणि ते अर्धवट टाकून तू गेलास, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तुला नाही म्हणता येत नव्हतं. सारामावशीने स्थळ आणलं तर “बघू या मावशी.” बॉसने सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर “बघतो, ट्राय करतो.” मावशीने तर मुलीच्या घरी होकार कळवून टाकला होता, आणि ते निस्तरायला फोन कुणी केले? मी. त्या दिवशी मी तुझ्यावर खेकसले होते, की ‘नाही’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे, तोंडात मावतो. तू हसलास. म्हणालास, “ताई, मी ‘बघ बाबा’ म्हटलं की ते नाहीच असतं. ज्याला मराठी येतं त्याला कळतं.”

खरंच कळायचं. नेओमीलासुद्धा कळायचं, आणि तिचं मराठी ते केवढं. माझी लेक माझ्याशी सगळं इंग्रजीत बोलते, पण उशिरापर्यंत बाहेर राहू का, असं तुला फोनवर विचारायची आणि तू “बघ बाबा” म्हणालास की तोंड पाडून माझ्याकडे यायची. “रुबूमामा सेड नो.” तू नो म्हणालेला नसायचास. पण ती बरोबर असायची.

तू बर्फात जायला लागलास तेव्हापासून मी दर सीझनला एलियाहू हन्नबीला, आपल्या ज्यूंच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलायची. आई करायची तसाच, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं. तू धड परत आलास की उन्हाळ्यात मलिदा. तू यायचास, दोनदा वाढून घ्यायचास आणि म्हणायचास, “हन्नबीचं नाव सांगून तू मलाच खिलवतेस.” तेवढे उन्हाळे तू मला दिलेस. पोहे आणून ठेवलेले आहेत, कपाटात वरच्या फळीवर. या वर्षी हन्नबीशीही माझं बिनसलंय. त्याच्याशी नंतर बोलेन. आधी मिलिंद.

मिलिंद तुला आवडायचा, ते मी समजू शकत होते. पुण्याचा, हुशार, बोलका. सह्याद्रीतले सगळे किल्ले पायांखाली घातलेला. कॅल्गरीत आल्यावर त्याने आपल्या इथल्या पोरांना जमवून बर्फातल्या स्कीइंगचा ग्रुप काढला. जिथे लिफ्ट नाहीत आणि कुणी रखवालदार नाही, तिथे आपल्या पायांनी चढायचं आणि अस्पर्श बर्फातून उतरायचं. तुम्ही सगळ्यांनी कोर्स केला, बर्फात गाडलेल्या माणसाला शोधायचे ते बीकन घेतले, फावडी घेतली. पण मिलिंदच्या डोक्यातला किल्ला गेला नाही. वर पोचल्याशिवाय आणि ठरवलेल्या वाटेने उतरल्याशिवाय त्याचा ट्रेक पूर्ण होत नाही. सह्याद्रीत कातळ आज आहे तिथेच उद्या असतो. तुमचा बर्फ रोज नवा असतो, हे तू मला सांगितलं होतंस. त्याला सांगितलं होतंस का?

तो तुला ‘शनवार तेली’ म्हणायचा. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारचा विसावा पाळून घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने दिलेलं नाव. “काय रे शनवार तेल्या, शनिवारी डोंगरावर?” तू हसायचास. आई असती तर हसली नसती.

आणि तुमचा तो नियम. एकाने जरी नको म्हटलं तरी सगळ्यांनी परत फिरायचं, कारण विचारायचं नाही. तू मला अगदी अभिमानाने सांगितला होतास. मी तेव्हाच म्हणाले होते, नियम चांगला आहे, पण तू नको म्हणशील कसा?

डिसेंबरातला तुझा फोन आठवतो. “ताई, या वर्षीचा बर्फ वाईट आहे. खाली साखर आहे, सगळीकडे. यंदा झाडांतूनच उतरायचं, मोकळ्या उतारावर जायचंच नाही.” मी म्हणाले, मग जातोस कशाला? म्हणालास, जाऊन बघायला काय हरकत आहे. तू गेलास त्या दिवशीच्या हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका ‘कन्सिडरेबल’ होता, हेही मला आता माहीत आहे. तूच म्हणायचास, की हा शब्द सगळ्यात फसवा. फार वरचा असला तर लोक घरी बसतात, हा मधला असतो म्हणून निघतात.

तुला पुरून आल्यावर आम्ही घरात जमिनीवर शिवा बसलो होतो, सुतकाचे सात दिवस, आरशांवर चादरी टाकून, तेव्हाच मिलिंदने ग्रुपच्या पानावर इंग्रजीत लांबलचक लिहिलं. अनुभवी टीम होती. निर्णय सर्वांनी मिळून घेतला. रूबेनला जे सगळ्यात प्रिय होतं तेच करताना तो गेला. खाली लोकांनी हृदयं आणि जोडलेले हात टाकले होते. मी ‘सर्वांनी मिळून’ हे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मला काही सिद्ध करता येत नव्हतं. पण तुझा मिळून घेतलेला एकही निर्णय मला आठवेना. तू फक्त दुसऱ्यांच्या निर्णयात बसायचास.

महिन्याच्या प्रार्थनेला ते दोघे आले, मिलिंद आणि क्लेअर. स्कारबरोच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. आपली सगळी म्हातारी मंडळी आली होती, ठाण्याची, पनवेलची, भायखळ्याची. क्लेअर फ्रेंच मुलखातल्या लव्हालची आहे हे तू सांगितलं होतंस, पण ती इतकी लहानखुरी असेल असं वाटलं नव्हतं. माझे हात धरून ती नुसती रडली. तिच्या बोटांची नखं अजून काळीनिळी होती. बर्फ खाली येऊन थांबला की सिमेंटसारखा होतो, तिने मला सांगितलं, फावडं आत जाईना तेव्हा हातांनी उकरलं. मिलिंदही खणत होता, किंचाळत होता, असंही ती म्हणाली. मला माहीत आहे की त्याने खणलं. म्हणून मी त्याचे उपकार मानू का? आपणच पुरायचं आणि आपणच खणायचं.

प्रार्थना झाली, मग क्लेअरने तुझा छोटासा व्हिडिओ लावला. तिनेच बनवलेला. तुझे फोटो, डबा खाताना, टोपीवर बर्फ घेऊन झोपलेला. आणि शेवटी त्या सकाळचा तुकडा, तिच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला. तुझा शेवटचा आवाज आहे, म्हणून तिने तो ठेवला होता. मिलिंदने तो आधी पाहिला नव्हता. पहिल्या सेकंदाला त्याने मान वर केली, त्यावरून मला कळलं.

वर निळं आभाळ. मिलिंद उताराच्या काठावर उभा. तो क्लेअरला विचारतो, “क्लेअर, यू गुड?” ती म्हणते, “इफ एव्हरीवन्स गुड, आय’म गुड.” मग तो तुझ्याकडे वळतो आणि मराठीत म्हणतो, “काय रे तेल्या, मारायचा ना हा?”

तू मागे उभा होतास. तू हातातली काठी उलटी केलीस, मुठीकडून बर्फात खुपसलीस. सावकाश गेली, सावकाश गेली, आणि मग एकदम सुळकन. अख्ख्या हॉलमध्ये त्याचा अर्थ कळणारे आम्ही तिघेच होतो, मी आणि ते दोघे. तू त्या उताराकडे बघितलंस. बराच वेळ. आणि म्हणालास,

“बघ बाबा.”

मागून क्लेअरचा आवाज येतो, “व्हॉट डिड ही से?”

आणि मिलिंद म्हणतो, “ही इज गुड. लेट्स गो.”

रुबू, हॉलमध्ये जे झालं ते तू बघायला हवं होतंस. कुणी ओरडलं नाही. फक्त खुर्च्या करकरल्या. काठीचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण ‘बघ बाबा’ त्या हॉलमध्ये कुणाला शिकवायला लागतं? जावयाने, भाडेकरूने, नवऱ्याने, प्रत्येकाने प्रत्येकाला आयुष्यभर ऐकवलेलं. सारामावशी आपल्या ऐकू न येणाऱ्या कानामुळे मोठ्याने बोलते, ती बोलली, “अगं, तो तर नको म्हणत होता की!”

तिलाही कळलं. जिने तुझं ‘बघू या’ होकार म्हणून कळवलं होतं, तिलाही.

एकटी क्लेअर सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. ती माझ्याजवळ आली आणि तिने मला तोच प्रश्न विचारला. “व्हॉट डिड ही से?”

मी तिला सांगू शकले असते. पण मला ते मिलिंदच्या तोंडून हवं होतं. सगळ्यांच्या देखत. मी म्हणाले, “आस्क मिलिंद. ही ट्रान्सलेटेड इट द फर्स्ट टाइम.”

तो उभा राहिला. चेहरा पांढरा, पण आवाज शहाण्या माणसाचा. “लिटरली,” तो म्हणाला, “इट मीन्स... यू हॅव अ लुक.” मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू, “ताई, शब्दशः तेच आहे ना? तो बघ म्हणाला. मी बघितलं.”

त्या क्षणी माझ्या हातात गरम चहाचा कप होता आणि तो मी त्याच्यावर फेकला नाही, हा माझा मोठेपणा समज. मी म्हणाले, “तू पुण्याचा ना रे? तुझ्या बायकोने ‘बघ बाबा’ म्हटल्यावर तू कधी पुढे गेलास?” त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं. तिने आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

तेव्हा नेओमी उठली. भित्री आहे रे ती, वर्गातसुद्धा हात वर करत नाही. ती क्लेअरला म्हणाली, “ही सेड नो. दॅट्स हाउ माय अंकल सेज नो.” सेज म्हणाली, सेड नाही. मला तिथे रडू आलं, पहिल्यांदा, पुरल्यापासून पहिल्यांदा.

क्लेअर खाली बसली ती उठेचना. तिच्यावर माझा राग नाही. तिने विचारलं होतं. डोंगरावर उभं राहून, समजत नाही ते विचारायची अक्कल तिघांत तिला एकटीला होती.

आणि तू. तुलाही मी सोडणार नाहीये. काठी आत गेली, तुला हाताला कळलं, तुझा तो नियम तुमच्याकडे होता. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतंस. नाहीतर ते दोघे उतरल्यावर तरी एकटा झाडांतून यायचं होतंस, अर्धा तास उशिरा, शिव्या खात. पण ते खाली वाट बघतायत, आपल्यामुळे लोकांचा खोळंबा नको. बरोबर ना? मला तुला त्या बर्फातून ओढून काढून एक थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि मग जेवायला वाढावंसं वाटतं.

पण तुझा राग मी घरात ठेवीन. बाहेरचा सगळा मिलिंदचा. लोक म्हणतात, त्यालाही भोगावं लागतंय. भोगू दे. त्याला रात्री झोप लागू नये असं मला वाटतं आणि ते मी इथे लिहिते आहे. पुढे आयुष्यभर कुणीही त्याला ‘हो’ म्हटलं की त्याला दोनदा विचारावंसं वाटावं, आणि दुसऱ्यांदाही खात्री पटू नये.

परत गेल्यावर क्लेअरने त्याच्या त्या लांबलचक मजकुराखाली लिहिलं, ‘रूबेन सेड नो. आय डिडन्ट नो द वर्ड. मिलिंद डिड.’ आणि ग्रुप सोडला. मागून आणखी पोरं गळाली. मिलिंदने ‘सर्वांनी मिळून’ काढून टाकलं, बाकीचं तसंच ठेवलं.

काल त्याचा फोन आला. मी ड्राइव्हवेवर होते, शेवटचा घाणेरडा बर्फ उरलाय तो ढकलत. आजोबांचाही मीच करते हल्ली. नंबर बघून उचलला. का उचलला माहीत नाही. तो आधी तब्येतीचं बोलला, नेओमीचं बोलला. मग म्हणाला, “ताई, पुढच्या विंटरला ग्रुप परत सुरू करावा म्हणतोय. रूबेनच्या नावाने. नवीन आलेली बरीच मुलं विचारतायत. पण लोक म्हणतात, आधी ताईंना विचार. तुम्ही हो म्हणालात तर सगळे येतील. मी लीड करेन, नीट, सगळं सांभाळून.” थोडं थांबून म्हणाला, “करू ना, ताई?”

माझ्याकडे किती शब्द तयार होते, रुबू. महिनाभर घासून ठेवलेले. मी फावडं बर्फात उभं खोचलं. ती नवीन आलेली मुलं डोळ्यांसमोर आली, कुणाकुणाचे भाऊ, काठावर उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघणारे.

“बघ बाबा,” मी म्हणाले. अगदी तुझ्यासारखं, सावकाश.

मी फोन कानाला लावून थांबले, घाई केली नाही. खूप वेळाने तो म्हणाला, “बरं ताई. नाही करत.”

या वेळी त्याला बरोबर कळलं.